मनाशी बोलणारे समर्थ रामदास आणि नैराश्यावरचे आजचे गट-उपचार

गणेशोत्सवात घरोघरी म्हटली जाणारी गणपतीची आरती समर्थ रामदासांना मोरगावच्या मयूरेश्वरासमोर सुचली, अशी परंपरा आहे. मनाच्या दुःखावर त्यांनी याहून मोठे कामही केले.

जांब (जि. जालना) येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायण ठोसरचे वडील लहानपणीच गेले. बाराव्या वर्षी तो लग्नाच्या मांडवातून निघून गेला, असे सांगतात. टाकळीला १२ वर्षे साधना, मग १२ वर्षे भ्रमंती. पुढे चाफळला राममंदिर उभारले. तिथल्या उत्सवाची भिक्षा मागताना शिष्यांनी दारोदार म्हणावेत म्हणून ‘मनाचे श्लोक’ रचले गेले, अशी आख्यायिका आहे. या २०५ श्लोकांत समर्थ मनालाच समजावतात. शके १६०३ मध्ये सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला.

मनातला विचार तपासता येतो, हे सूत्र अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या उपचारात आणले. गट-उपचारात काही रुग्ण तज्ज्ञासोबत ठरावीक दिवशी एकत्र बसतात. आपण कुचकामी आहोत, हा विचार कागदावर उतरवून त्याला पुरावा काय ते पाहतात. शेजारच्याचाही विचार तसाच निघतो, तेव्हा एकटेपणा कमी होतो.

साम्य मात्र इथवरच. श्लोक मनाला आज्ञा करतात. नैराश्यात ती पाळायचे बळच नसते. अशा माणसाला नुसते श्लोक म्हणायला सांगणे हा अन्यायच. त्याला उपचार हवेत. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.