केरीसाहेबांचा बंगालातील पहिला संसार

डॉ. विल्यम केरी हे नाव आमच्या वाचकांस नवीन नाही. 1805 साली मराठी भाषेचे व्याकरण व 1810 साली मोडी टाइपात मराठीचा कोश ज्यांनी श्रीरामपुराहून प्रसिद्ध केला, तेच हे. (हे श्रीरामपूर आपल्या बेलापुराजवळचे नव्हे, कलकत्त्याच्या वर हुगळी नदीच्या काठी असलेले, त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यातील गाव होय.) त्यांच्या ग्रंथांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु परमुलखात प्रथम पाऊल टाकल्यावर त्यांनी घर कोठे मांडिले, पोट कशावर भरिले, बायकामुलांचे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. आमचे कित्येक उपदेशक बंधू आपला गाव सोडून परक्या तालुक्यात बिऱ्हाड करितात. त्यांस हाच भाग अधिक जवळचा वाटेल.

केरीसाहेबांचा जन्म 1761 साली इंग्लंडातील नॉर्थॅम्टन परगण्यातील एका खेड्यात झाला. बाप विणकर होता व पुढे गावचा शाळामास्तर झाला. साहेब स्वतः जोडे शिवण्याचा धंदा शिकले. 1781 साली त्यांचे लग्न डॉरथीबाईंशी झाले. बाई वयाने साहेबांहून काही वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांस लिहिता येत नव्हते. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी फुली मारिली आहे.

1792 साली बॅप्टिस्ट मंडळींची मिशनरी सोसायटी निघाली व हिंदुस्थानात जाण्यास साहेब सिद्ध झाले. बाईंनी साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या, आणि तीन मुले पदरी होती. तेव्हा साहेब थोरला मुलगा फेलिक्स ह्यास घेऊन एकटेच निघाले. पण कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे कप्तानाने त्यांस जहाजावरून उतरविले. ह्या खोळंब्यात बाईंस चौथा मुलगा झाला होता. सोबती डॉ. टॉमस ह्यांनी पुन्हा पुन्हा गळ घातली, तेव्हा धाकटी बहीण कॅथरीन बरोबर येईल तर आपण येऊ, असे बाई कबूल झाल्या. घाईघाईने बांधाबांध करून ही सर्व मंडळी 13 जून 1793 रोजी डेन्मार्कच्या एका जहाजाने निघाली व 11 नोव्हेंबरास कलकत्त्यास पोहोचली.

पाच महिने समुद्रावर साहेब टॉमसांपाशी बंगाली शिकत होते. त्यामुळे उतरतेवेळी त्यांच्या गाठी थोडी भाषा होती. पैसा मात्र लवकरच सरला. सोबत आणलेला माल विकून निर्वाह करावयाचा, असा बेत होता. हिशेब टॉमसांच्या हाती होता. टॉमस मनाचे मोठे खरे, पण पैशाच्या कामी अगदी कच्चे, आणि त्यांचे जुने सावकार कलकत्त्यात वाटच पाहत बसले होते. काही आठवड्यांत हाती काही उरले नाही. टॉमस शहरात राहून वैद्यकी करू लागले. केरीसाहेबांचे कुटुंब आधी बंडेल येथे व मग कलकत्त्याबाहेर माणिकतला येथे एका सावकाराने राहावयास दिलेल्या लहानशा घरात आले. बाई व मोठा मुलगा रक्तआवेने आजारी होती. भाताची कोणासही सवय नव्हती, आणि पावासाठी दोघी बहिणी रोज कुरकुर करीत.

ह्या कुरकुरीवरून चरित्रकारांनी बाईंस फार नावे ठेविली आहेत. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. साहेबांस पाचारण झाले होते, बाईंस झाले नव्हते. साहेबांस मुनशी रामराम बसू ह्यांच्याशी बोलावयास सापडे, पुस्तके होती, काम होते. बाईंजवळ आजारी लेकरे व परक्याची चूल एवढेच होते.

1794 च्या फेब्रुवारीत हे कुटुंब नावेत बसून सुंदरबनाच्या बाजूस गेले. तेथे वस्ती विरळ, वाघांचे भय मोठे, पण जमीन फुकटासारखी मिळे. शिधा संपत आला असता देहाटा येथे कंपनीच्या मिठाच्या कामावरील शॉर्ट नावाचे अंमलदार भेटले. ह्या गृहस्थांस साहेबांच्या धर्मकार्याविषयी काही आस्था नव्हती, तरी त्यांनी ह्या अनोळखी कुटुंबास आपल्या घरी ठेवून घेतले व हवे तितके दिवस राहा म्हणून सांगितले. (पुढे कॅथरीनबाईंचे लग्न ह्याच शॉर्टसाहेबांशी झाले.) केरीसाहेबांनी रान तोडून बांबूची झोपडी बांधावयास घेतली.

ती पुरी होण्यापूर्वीच मालद्याहून जॉर्ज उडनी नावाच्या व्यापाऱ्याचे बोलावणे आले. मदनावती येथील निळीच्या कारखान्याची देखरेख करावी, महिना 200 रुपये मिळतील. साहेबांनी होकार दिला, व उन्हाळ्याच्या अखेरीस कुटुंब नदीमार्गे उत्तरेस गेले. येथे राहावयास पक्के घर मिळाले. निळीचे झाड कापून हौदात कुजवावे, पाणी घुसळावे, गाळ उकळून वड्या पाडाव्या, असे हे काम पावसाळ्यात तीन-चार महिने जोरात चाले. बाकीचे वर्ष बरेचसे मोकळे असे. निळीचा कारखानदार म्हणून साहेबांस कंपनीकडून राहण्याचा परवानाही मिळाला, जो मिशनरी म्हणून कधीच मिळाला नसता. माझा खर्च मी चालवितो, माझ्या वाट्याचे पैसे दुसऱ्या मुलखातील कामास लावा, असे त्यांनी सोसायटीस कळविले. विलायतेहून 1795 साली पत्रे आली, त्यांत व्यापारात गुंतू नका अशी ताकीद होती. साहेबांच्या मनास ती फार लागली, आणि आम्ही म्हणतो, लागावयासच हवी होती.

भाषेची अडचण निराळीच निघाली. मुनशीने शिकविलेली बंगाली बोलता येऊ लागली, तरी ती मजुरांस व कुळांस कळेना. त्यांची बोली वेगळी होती. तेव्हा साहेब गावोगाव हिंडून लोकांच्या तोंडचे शब्द टिपू लागले. घरी बाग लाविली; इंग्लंडास पत्र जाई त्यात बी-बियाणे, विळे व नांगराचे सामान ह्यांची मागणी असे. मुलांसाठी एक शाळाही घातली.

पण पहिल्याच पावसाळ्यानंतर साहेब तापाने अंथरुणास खिळले असता पाच वर्षांचा पीटर वारला. कारखान्यात सुतार होते, मजूर होते. तरी पेटी करावयास कोणी पुढे येईना व खड्डा खणावयास कोणी धजेना. जातीचे भय सर्वांस. शेवटी चार मुसलमान एकमेकांच्या आधाराने तयार झाले व त्यांनी कबर खणिली. त्याबद्दल गावच्या मुखत्याराने त्या चौघांस वाळीत टाकिले. साहेबांस अंगात ताप असता त्यांच्यासाठी भांडावे लागले, तेव्हा तो बहिष्कार सुटला. वाळीत पडणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

पीटर गेल्यावर डॉरथीबाईंचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. 1795 पासून त्यांस भ्रम होऊ लागला. नवऱ्यावर भलतेसलते आळ घ्यावे, त्यांच्या अंगावर धावून जावे, असे होई. 1796 साली आणखी एक मुलगा झाला, तरी आजार हटला नाही. शेजारच्या खोलीत बाईंचा आकांत चालला आहे आणि साहेब पंडिताजवळ बसून भाषांतर करीत आहेत, असे दिवस पुष्कळ गेले. साहेबांनी बाईंस वेड्यांच्या इस्पितळात पाठविले नाही. ह्यासाठी कोणी त्यांची स्तुती करितात. पण मुलांकडे कोण पाहत होते, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

पूर, बुडालेले पीक व तोटा ह्यांमुळे 1799 साली उडनीसाहेबांनी मदनावतीचे काम सोडिले. त्याच वर्षी विलायतेहून मार्शमन, वॉर्ड आदी नवी मंडळी श्रीरामपुरास उतरली. कंपनी त्यांस आपल्या मुलखात येऊ देईना, पण तेथील डेन्मार्कच्या गव्हर्नराने आश्रय दिला. तेव्हा साहेबांनी उडनींनी घेऊन दिलेले लाकडी छापयंत्र नावेत घातले आणि आजारी पत्नी व चार मुलांसह 10 जानेवारी 1800 रोजी श्रीरामपूर गाठिले. ह्या सहा वर्षांत त्यांच्या हातून एकाही बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. पहिला, कृष्ण पाल सुतार, त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाला.

डॉरथीबाई पुढे जवळजवळ आठ वर्षे श्रीरामपुरास होत्या व 1807 च्या डिसेंबरात तेथेच वारल्या. साहेब 1834 साली गेले. दोघांपैकी कोणीही इंग्लंड पुन्हा पाहिले नाही.