जुन्या लक्ष्मीच्या तसबिरीवर कार्ला-लोणावळा का लिहिलेलं असतं?

नातेपुत्यासारख्या गावात जुनं घर पाडायला काढलं की भांडीकुंडी वाटून घेतली जातात आणि भिंतीवरची काळवंडलेली तसबीर भंगारात जाते. पण तिच्यात कमळावर उभी लक्ष्मी असेल, तर खालची बारीक अक्षरं आधी वाचा. तिथे रवी वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं असू शकतं.

आता केरळचा चित्रकार लोणावळ्यात कसा पोहोचला?

राजा रवी वर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. त्यांच्या तैलचित्रांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसारखे राजे खूश झाले. पण ती चित्रं राजवाड्यातच राहणार, सामान्य माणसाला दिसणार कशी? दिवाण टी. माधवराव यांनी सुचवलं, की निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रवी वर्मांनी तर छापखानाच इकडे काढला. 1894 साली, मुंबईत. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे.

ही शिळाछपाई. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट जागी धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड.

त्याच काळात पॅरिसमध्ये ज्यूल शेरे याच तंत्राने जाहिरातींची पोस्टर्स छापत होता आणि शौकीन ती भिंतीवरून सोलून घरी नेत होते. इकडे छापले गेले देव. ज्यांना देवळात पाय ठेवायची बंदी होती, त्यांच्याही घरात लक्ष्मी-सरस्वती आल्या.

धंदा मात्र जमला नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना कार्ल्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज वाढतच गेलं आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. 2 ऑक्टोबर 1906 रोजी रवी वर्मा गेले. त्यांची चित्रं मात्र छापली जातच राहिली, कॅलेंडरवरही झळकली.

1972 साली प्रेसला आग लागली. म्हणूनच घराघरांत उरलेल्या प्रतींना आज संग्राहक शोधत फिरतात.

ओळखायचं कसं? भिंग लावा. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत ओळीने दिसतात, शिळाछपाईत ते वेडेवाकडे विखुरलेले असतात. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा तसबीर पुसून बघा.