डॅली मेसेंजर : दोन गोलार्धांचा 'मास्टर'

गेल्या वर्षी इंटर-कॉलेज कबड्डीत माझं मनगट मोडलं. स्पर्धेच्या नियमात तरतूद नव्हती, त्यामुळे प्लास्टरचा खर्च घरून मागवावा लागला. हात गळ्यात अडकवून रूमवर बसलो होतो, तेव्हा पार्टनरच्या कॉम्प्युटरवर रग्बी बघायचा नाद लागला. त्या नादातच हा माणूस सापडला. मित्रांनो, त्याची गोष्ट सांगतो.

हर्बर्ट हेन्री मेसेंजर, सगळ्यांचा 'डॅली', १८८३ साली सिडनीत जन्मला. वडील नावाजलेले नौकानयनपटू आणि त्यांचा होड्या बांधायचा कारखाना. पोरगाही तिथंच कामाला. पण खरं वेड रग्बीचं! लांबून, अवघड कोनातून बॉल बरोब्बर दोन खांबांच्या मधून मारण्यात त्याचा हात, सॉरी, पाय धरणारा कुणी नव्हता.

तेव्हा रग्बीत पैसे घेणं म्हणजे पाप. उत्तर इंग्लंडमधल्या खाणी-गिरण्यांतल्या कामगारांचा मॅचसाठी खाडा झाला की पगार कापला जायचा. तो भरून द्यावा एवढीच मागणी. ती फेटाळली गेली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात तिथल्या क्लबांनी वेगळी 'नॉर्दर्न युनियन' काढली. पुढे त्यांनी नियमही बदलले, १५ चे १३ खेळाडू केले. यातूनच 'रग्बी लीग' हा वेगळा खेळ झाला.

दक्षिणेत ठिणगी थोडी वेगळी होती. सिडनीत मॅचला तुफान गर्दी, गल्ला संघटनेचा, आणि खेळाडू जायबंदी झाला तर त्याचं तो बघेल! अ‍ॅलेक बर्डन नावाचा एक न्हावी खेळताना जखमी झाला. हात चालेना म्हणजे धंदा बंद, पण भरपाई नाही. हे वाचताना माझं मनगट पुन्हा ठणकलं! १९०७ मध्ये असंतुष्ट मंडळी जमायला लागली ती एका खेळाच्या साहित्याच्या दुकानात. दुकान कुणाचं? क्रिकेटवाला व्हिक्टर ट्रम्पर!

पण नव्या खेळाला चेहरा हवा होता, आणि तो होता डॅलीचा. त्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियाकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळला होता. नव्या गटात गेलं तर जुने दरवाजे कायमचे बंद, हे उघड होतं. तरी तो गेला. ऑगस्ट १९०७ मध्ये न्यूझीलंडचा व्यावसायिक संघ इंग्लंडला जाताना सिडनीत खेळला. वर्तमानपत्रांनी 'ऑल ब्लॅक्स'वरून त्याला 'ऑल गोल्ड्स' म्हणून चिडवलं होतं. हा संघ जमवला होता बास्करव्हिल नावाच्या पोस्टातल्या कारकुनानं. त्यानं डॅलीला सोबतच नेलं. गंमत म्हणजे उत्तरेचे १३ जणांचे नियम या मंडळींना तिकडे पोचल्यावर शिकावे लागले! तरी दौऱ्यात सर्वाधिक गुण डॅलीचेच. परतीच्या वाटेवर मे १९०८ मध्ये बास्करव्हिल न्यूमोनियानं गेला. वय अवघं २५.

१९०८ मध्येच सिडनीत लीग सुरू झाली. १९११ च्या मोसमात डॅलीनं २७० गुण केले, तो विक्रम १९३५ पर्यंत टिकला. लोक त्याला 'मास्टर' म्हणत. १९१३ नंतर निवृत्ती. पुढे हॉटेल चालवलं, केळीची बाग केली, पण पैसा काही टिकला नाही. २४ नोव्हेंबर १९५९ ला तो गेला.

आणि जुन्या रग्बी युनियननं काय केलं? त्याची नोंदच पुसली! ऑस्ट्रेलियाकडून तो जणू खेळलाच नव्हता. ती नोंद परत आली २००७ मध्ये, शंभर वर्षांनी.

दरम्यान २६ ऑगस्ट १९९५ रोजी युनियननंही पैसा अधिकृत केला. तरी दोन गोलार्धांत फरक राहिलाच. इंग्लंड-फ्रान्समध्ये खेळाडू मुख्यतः क्लबच्या मालकाचा पगारी, तर न्यूझीलंडमध्ये अव्वल खेळाडूचा करार देशाच्या संघटनेशी. म्हणून उत्तरेत क्लब आणि देश यांची खेळाडूवरून ओढाताण चालते, आणि दक्षिणेचे खेळाडू जास्त पैशासाठी उत्तरेची वाट धरतात.

तीच वाट डॅलीनं १९०७ मध्ये बोटीनं धरली होती. तेव्हा तो गुन्हा होता, आज करिअर आहे. असो. माझं मनगट आता बरं आहे. यंदा टीमचे फॉर्म भरताना मी सगळ्यात आधी विम्याचं विचारलं. पोरं हसली. हसू देत!