ब्रायटनचा किनारा

मी समुद्र पाहिलेला नाही. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर समुद्रकिनाऱ्यावरचा लेख वाचून आमच्या वर्गातल्या मैत्रिणी मला नंतर पकडतील. आमचे गाव लोणार तालुक्यात. खारे पाणी म्हणून मी आजवर पाहिले ते लोणारच्या सरोवराचे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून पडलेल्या उल्केने खोदलेला तो पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, खाली हिरवट पाणी, काठाला पाय रुतेल असा काळा चिखल आणि त्यावर वाळलेल्या क्षाराचा पांढरा थर. वास इतका उग्र की नाकाला पदर लावावा लागतो.

शाळेत आम्हाला स्वातंत्र्यवीर सावरकरांची ‘सागरास’ ही कविता शिकवली, तेव्हा माझ्या मनाने हाच काठ उचलला, त्यावर चित्रपटात पाहिलेली थोडी वाळू टाकली, आणि त्या वाळूत एका तरुणाला बसवून दिले. निर्जन किनारा, मऊ रेती आणि समोर लाटा. पुढे कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात ब्रायटनचे छायाचित्र पाहिले आणि माझे चित्र पार मोडले. ब्रायटनला रेती नाही. तेथे गारगोटीचे गोटे आहेत, मुठीएवढे, अंड्याएवढे, मैलोगणती पसरलेले. ओहोटीच्या वेळी पाणी खूप मागे हटले तर काय ती थोडी वाळू उघडी पडते. शिवाय ते गाव एकान्ताचेही नाही. लंडनहून १८४१ सालीच तेथे रेल्वे आली, समुद्रात शिरलेले लोखंडी धक्के बांधले गेले, आणि उन्हाळ्यात सारे लंडन तेथे लोटू लागले.

मग निर्जनता कोठून आली? ती ऋतूतून आली असावी. सावरकर तेथे होते ते १९०९ च्या डिसेंबरात. त्या महिन्यात तेथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या बुलढाण्यात पौषात पहाटे हात बधिर होतात, पण दहा वाजता अंगणात ऊन तरी मिळते. तिकडे ऊन हीच चैन. इंग्रजांच्या लेखी ब्रायटन हा दक्षिणेचा किनारा, म्हणजे त्यातल्या त्यात उबदार! आपल्यापेक्षा तो तीस अंश उत्तरेला आहे हे नकाशात मोजल्यावर कळले.

त्या गोट्यांवर बसलेला तरुण सव्वीस वर्षांचा होता. तो तेथवर कसा पोहोचला ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळसे आपण सर्वांनी वाचलेले असते.

नाशिकजवळच्या भगूरला २८ मे १८८३ रोजी विनायकरावांचा जन्म झाला. नऊ वर्षांचे असताना आई पटकीने गेली, १८९९ मध्ये वडील प्लेगने गेले. मागे तीन भाऊ आणि एक बहीण. थोरले गणेशपंत, म्हणजे बाबाराव, तेव्हा वीस वर्षांचे. संसार त्यांच्या गळ्यात पडला. हे बाबाराव माझ्या मते या कथेतले अर्धे नायक आहेत, पण पाठ्यपुस्तकात त्यांना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. घर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, येसूवहिनींनी, सांभाळले म्हणून विनायकराव पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकू शकले. सासरे चिपळूणकर यांचेही साहाय्य होते. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, त्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढण्यात आले. दहा रुपये तेव्हा काही थोडे नव्हते. वसतिगृहाची खोली जाणे म्हणजे काय, हे ज्याचे या शहरात दुसरे घर नाही त्यालाच समजेल.

जून १९०६ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती मिळवून ते बोटीने बॅरिस्टरीसाठी इंग्लंडला निघाले. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये राहिले. मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले, १८५७ च्या उठावावर ग्रंथ लिहिला. तो छापून होण्याआधीच सरकारने त्यावर बंदी घातली. वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच पुस्तक गुन्हेगार ठरले.

आणि मग १९०९ साल उजाडले. या एका वर्षाकडे पाहिले की माणसावर किती येऊ शकते याची कल्पना येते. त्यांचा लहानगा मुलगा प्रभाकर ते परदेशात असतानाच दगावला. जूनमध्ये नाशिकला बाबारावांना देशभक्तिपर कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, शिक्षेत मालमत्तेची जप्तीही होती. १ जुलैला मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या, १७ ऑगस्टला त्यांना फाशी झाली. सावरकर परीक्षा उत्तीर्ण होते, तरी ग्रेज इनने बॅरिस्टरीची सनद अडवून ठेवली. इंडिया हाऊस बंद पडले. बिपिनचंद्र पालांच्या घरी आसरा घेतला तर बाहेर जमाव जमला. मागे गुप्त पोलीस, पुढे बंद दारे. प्रकृती ढासळली, म्हणून विश्रांतीसाठी ते ब्रायटनला आले.

बरोबर बिपिनचंद्रांचा मुलगा निरंजन होता. वय वीस, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने मोठा. किनाऱ्यावर बसले असता सावरकर गुणगुणू लागले, शब्द जुळत गेले आणि त्यांना रडू कोसळले, असे निरंजन पालांनी पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितले. निरंजन बंगाली. मराठी त्यांना कितपत कळली असेल? आज जी कविता महाराष्ट्रात मुलामुलांच्या तोंडी आहे आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे घराघरांत पोचली, तिचा पहिला श्रोता बहुधा शब्द न समजता नुसता रडणाऱ्या मित्राकडे पाहत बसला होता. (हेच निरंजन पाल पुढे चित्रपटलेखक झाले. १९३६ चा ‘अछूत कन्या’ त्यांचाच.)

कवितेचा आशय आपल्याला ठाऊक आहे. परत नेईन असा शब्द देऊन समुद्राने फसवले, ही तक्रार तिच्यात आहे. पूर्वी मला वाटे की ही कविता देशाविषयी आहे. आता वाटते, देश तर आहेच, पण त्याआधी घर आहे. ज्या घरात आता थोरला भाऊ नव्हता, मूल नव्हते, आणि एक वहिनी एकटी उरली होती. बाबारावांच्या शिक्षेची वार्ता ऐकून त्यांनी याच वहिनींना लंडनहून ‘सांत्वन’ ही कविता पाठवली होती. गोट्यांवर बसलेल्या माणसाच्या मनात त्या नसतील असे मी कसे मानू?

पुढचे वेगाने घडले. त्याच डिसेंबरच्या २१ तारखेला नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. सावरकर पॅरिसला गेले, परत आले, १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर पकडले गेले. समुद्राने त्यांना परत नेले खरे, पण बेड्यांत. ८ जुलैला मार्सेयच्या बंदरात त्यांनी बोटीच्या खिडकीतून उडी घेतली आणि किनारा गाठला, तरी फ्रेंच शिपायाने त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केले. दोन जन्मठेपा, एकूण पन्नास वर्षे. जुलै १९११ मध्ये ते अंदमानला पोचले. बाबाराव तेथे आधीच होते. एकाच तुरुंगात दोघे भाऊ, तरी भेट दुर्मीळ.

नकाशा पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. भगूरच्या दारणा नदीचे पाणी गोदावरीला मिळते. आपल्या बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगाही वर्धेतून आणि प्राणहितेतून शेवटी गोदावरीलाच जाते. आणि गोदावरी जाते पूर्वेच्या समुद्राला, ज्याच्या पलीकडे अंदमान आहे. मुंबईच्या समुद्राला आपल्याकडचे हे पाणी जातच नाही. भूगोलाच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते हसले, पण चूक आहे असे म्हणाले नाहीत.

अंदमानातून त्यांनी सरकारकडे सुटकेचे अर्ज केले, त्यावरून आजही वाद होतात. आमच्या वसतिगृहात जेवणाच्या पंगतीतही होतात. पुढचे हिंदुसभेचे राजकारण, गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात आरोपी होणे आणि १९४९ मध्ये निर्दोष सुटणे, हेही त्यांच्या आयुष्यात आहे, ते झाकून चरित्र लिहिता येत नाही. त्यांचे सारेच राजकारण मला पटते असे नाही. मात्र १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध जे काम केले, १९३१ मध्ये सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उघडले, ते वाचताना आमच्यासारख्या घरातल्या मुलीला थांबावे लागते. माझ्या पणजोबांनी गावच्या देवळाचा गाभारा कधी पाहिला नव्हता. रत्नागिरीलाही समुद्र आहे, आणि तेथे रेतीही आहे. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत, समुद्राच्याच गावी, त्यांनी देह ठेवला.

आता थोडे घरचे. माझा दादा दहावीला असताना आमच्या बाबांचे दुखणे निघाले आणि त्याने शाळा सोडली. कोरडवाहू तीन एकरांत भागेना, म्हणून हंगामात तो खामगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. माझी कॉलेजची पहिल्या वर्षाची फी भरली ती वहिनीच्या दोन शेळ्या विकून. मला हे कोणी ऐकवत नाही, म्हणूनच ते अधिक आठवते. येथे खोलीत रात्री दिवा लावून वाचताना कधी कधी वाटते की ज्याला शिकायला धाडले तो काय झाला याची चरित्रे होतात. धाडणाऱ्यांची होत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ओसरीवर बसून मी ही सारी हकीकत दादाला सांगितली. वाचन त्याचे फार नाही, पण ऐकतो मन लावून. मार्सेयची उडी त्याला आवडली. मग त्याने एकच विचारले, त्या थोरल्या भावाच्या बायकोचे पुढे काय झाले.

मी सांगितले. नवरा अंदमानात, दीर अंदमानात. त्यांना भेटायची परवानगी मिळावी म्हणून येसूवहिनी वर्षानुवर्षे वाट पाहत राहिल्या. १९१९ मध्ये धाकटे दीर नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी माई भेटीला बोटीने गेले, तेव्हा त्या त्यांच्यात नव्हत्या. त्याआधीच त्यांचे निधन झाले होते. बाबाराव १९२२ मध्ये सुटले.

दादा काही बोलला नाही. वहिनी आत भाकरी थापत होती. तिला वाटते तिने ऐकले नाही असे आम्हाला वाटले असेल, पण थापण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तिने आतूनच विचारले, त्या बाईला समुद्र तरी पाहायला मिळाला होता का. ते मला कोणत्याच पुस्तकात सापडलेले नाही.