गटे व स्ट्रासबर्गचा मनोरा

कालिदासाच्या शाकुंतलाची मुक्तकंठानें स्तुति करणारा जर्मन कवि म्हणून गटे ह्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकिलें असेल. त्याच्या विद्यार्थिदशेंतील हकीकत आज येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

योहान वुल्फगांग गटे ह्याचा जन्म फ्रांकफुर्ट शहरीं ता. २८ आगस्ट १७४९ रोजीं झाला. बापानें त्यास कायदा शिकण्यासाठीं लाइपझिग येथें पाठविलें. परंतु १७६८ सालीं तो फार आजारी होऊन घरीं परतला. राहिलेला अभ्यास पुरा करण्याकरितां १७७० च्या एप्रिलांत तो स्ट्रासबर्गास गेला. तें शहर त्या काळीं फ्रान्सच्या राजाच्या ताब्यांत होतें. लोक मात्र बहुतेक जर्मन बोलणारे.

तेथील मुख्यमंदिर तांबूस दगडाचें असून त्याचा उत्तरेकडील मनोरा १४३९ सालीं पुरा झाला. उंची सुमारें ४६६ फूट. गटेच्या वेळीं इतकी उंच इमारत पृथ्वीवर दुसरी नव्हती. तथापि असल्या जुन्या बांधणीस तेव्हांचे विद्वान रानटी म्हणून नाक मुरडीत, व तेंच मत गटेनेंही ऐकून ऐकून आपलेंसें केलें होतें. कांहीं वेडेंवांकडें दृष्टीस पडणार, अशा समजुतीनें तो मंदिरापुढें उभा राहिला. आणि पाहतो तों सहस्रावधि बारीक अंगें एकमेकांशीं जुळून एकच भव्य रूप झालेलें! पुढें तो निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या प्रकाशांत तें पाहण्यास पुनःपुन्हां जाऊं लागला. ऐकीव मत टाकून देणें विद्यार्थ्यास किती जड जातें, हें आम्हीं धर्मशिक्षणशाळेंत स्वतः अनुभविलें आहे.

उंचावर गेलें कीं त्यास घेरी येई. ती खोड मोडण्यासाठीं तो एकटाच मनोऱ्याच्या शेंड्याखालीं जाऊन पाव तास बसे, आणि मग जेमतेम हातभर लांबरुंद जागेवर, धरावयास कांहीं नसतां, बाहेर उभा राही. असें वारंवार केल्यावर भीति गेली.

एकदां मंडळींत गोष्टी चालल्या असतां तो म्हणाला कीं, हा मनोरा अपुरा आहे, ह्यावर आणखी चार लहान शिखरें यावयाचीं होतीं. हें कोणी सांगितलें, असें एकानें विचारतां मनोऱ्यानेंच सांगितलें, असें त्यानें उत्तर दिलें. विचारणारा गृहस्थ त्या इमारतीचा कारभारीच होता! त्यानें जुने मूळ नकाशे काढून दाखविले. तर्क खरा ठरला.

ह्याच दिवसांत झेझेनहाइम गांवच्या पाळकाच्या कन्येवर त्याचें प्रेम जडलें. परंतु १७७१ सालीं तो तिला सोडून निघून गेला. हें त्यास भूषणावह नव्हे, आणि पुढें त्यानेंही आपला दोष कबूल केला.

घरीं आल्यावर १७७२ सालीं त्यानें त्या मंदिराविषयीं निबंध छापिला. त्यांत सर्व श्रेय एर्विन नामक कारागिरास दिलें आहे. खरें पाहतां एर्विन १३१८ सालींच वारला, व मनोरा इतरांनीं चढविला. ही बांधणी केवळ जर्मनांची, हेंही त्याचें म्हणणें चुकीचें. तिचा उगम फ्रान्सांतला.

इटलीची यात्रा (१७८६ ते १७८८) केल्यावर प्राचीन ग्रीक व रोमी इमारतींपुढें त्यास ही आवड फिकी वाटूं लागली. परंतु १८११ सालीं बॉयसरे नामक तरुण कोलोन येथील अर्धवट मंदिराचे नकाशे घेऊन आला, तेव्हां म्हाताऱ्याचें मन पुन्हां वळलें. गटे १८३२ सालीं वारला. कोलोनचें मंदिर १८८० सालीं पुरें झालें. स्ट्रासबर्गचा दुसरा मनोरा मात्र अद्यापि झालेला नाहीं.