पुन्हा पहिल्या रेषेपासून : चित्रकार होकुसाई

आमच्या वसतिगृहातील मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतात. चांगली श्रेणी मिळवतात आणि दहावीनंतर बहुतेकांची रंगपेटी कायमची बंद होते. काहींना पोटापाण्याची चिंता असते, तर काहींना वाटते की जे यायचे होते ते येऊन गेले, आता नवे काही सुचणार नाही. या दुसऱ्या भीतीला उत्तर ठरावे असे एक जीवन बुद्धाचा धम्म ज्या भूमीत रुजला त्या जपानमध्ये घडले. त्याचे स्मरण या स्मरणिकेत करावे असे आम्हांस वाटले.

कात्सुशिका होकुसाई यांचा जन्म १७६० मध्ये एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. वयाच्या सहाव्या वर्षापासून ते चित्रे काढू लागले. किशोरवयात त्यांनी लाकडी ठोकळे कोरण्याचे काम केले. दुसऱ्याने काढलेली रेषा लाकडात उतरवताना त्यांचा हात तयार झाला. पुढे कात्सुकावा शुनशो या नामवंत चित्रकाराच्या चित्रशाळेत प्रवेश मिळाला आणि ते नाट्यनटांची चित्रे काढू लागले. गुरूंच्या निधनानंतर त्या शाळेशी त्यांचे संबंध तुटले. आधार गेला, परंतु एका घराण्याच्या चौकटीतून ते मोकळेही झाले. त्यानंतर चिनी, जपानी आणि युरोपीय अशा सर्व चित्रपद्धतींचा त्यांनी अभ्यास केला.

होकुसाईंनी आयुष्यात तीसहून अधिक नावे धारण केली. एक नाव प्रसिद्ध झाले की ते शिष्याला देऊन टाकावे आणि आपण नव्या नावाने आरंभ करावा, असेही त्यांनी केले. साठीचे आवर्तन पूर्ण झाल्यावर घेतलेल्या ‘इइत्सु’ या नावाचा आशयच पुन्हा एकपासून सुरुवात असा होता. घरेही त्यांनी नव्वदहून अधिक वेळा बदलली. मिळालेल्या कीर्तीला ते चिकटून बसले नाहीत. अनित्यतेचा बोध आम्ही वर्गात शिकवतो, तो या माणसाने आपल्या व्यवसायात आचरला असे आम्हांस दिसते.

ते स्वतः निचिरेन परंपरेचे बौद्ध होते. १८१७ मध्ये नागोया येथे त्यांनी लोकांसमोर बोधिधर्माचे सुमारे १८ मीटर उंचीचे चित्र रंगवले. भारतातून चीनला गेलेल्या या भिक्खूला जपानी लोक दारुमा म्हणतात.

साठी-सत्तरीच्या दरम्यान त्यांच्यावर संकटे आली. पक्षाघाताचा आघात झाला, दुसरी पत्नी वारली आणि नातवाच्या जुगारामुळे कर्ज झाले. अशा अवस्थेतच, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी फुजी पर्वताची ३६ दृश्ये ही मालिका हाती घेतली. पुढे तीत आणखी १० चित्रांची भर पडली. जगभर ओळखली जाणारी ती प्रचंड लाट याच मालिकेतील आहे. युरोपातून आलेला प्रशियन निळा हा नवा रंग त्यांनी या वयात आत्मसात केला. ही ठोकळ्यांवर छापलेली चित्रे सामान्य माणसालाही विकत घेता येत. त्यांत राबणारी माणसेही ठळकपणे दिसतात. एका चित्रात कारागीर मोठे पिंप तयार करीत आहे आणि त्या पिंपाच्या गोलातून दूरचा पवित्र फुजी इवलासा दिसतो. प्रचंड लाटेखालीही वल्ही घट्ट धरून वाकलेले नावाडी आहेत. श्रमिकाला चित्राच्या मध्यभागी बसवणारी ही दृष्टी आम्हांस विशेष जवळची वाटते.

पंचाहत्तरीच्या सुमारास आपल्या एका ग्रंथाच्या शेवटी त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा : सत्तरीपूर्वीचे आपले काम विचारात घेण्याजोगे नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी पशुपक्ष्यांची व वनस्पतींची घडण थोडी उमगली, आणि शंभरीनंतर कुठे आपली प्रत्येक रेषा जिवंत होईल. १८३९ मध्ये घराला आग लागून त्यांची असंख्य रेखाटने जळाली. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने तेथे थांबणे स्वाभाविक ठरले असते. पण ते थांबले नाहीत. पुढे ऐंशी उलटल्यावर रोज सकाळी एक सिंह रेखाटण्याचा नेम त्यांनी दीर्घकाळ पाळला. त्यांतील दोनशेहून अधिक रेखाटने आजही उपलब्ध आहेत. या काळातील त्यांचे नाव ‘मांजी’, म्हणजे बौद्ध परंपरेतील स्वस्तिकचिन्ह, असे होते.

या वृद्धापकाळात त्यांची कन्या ओइ त्यांच्यासोबत होती. विवाह मोडल्यावर ती वडिलांकडे परतली होती आणि स्वतः समर्थ चित्रकार होती. होकुसाईंच्या अखेरच्या कामात तिचाही हात असावा असे अभ्यासक मानतात. तिच्या नावाची चित्रे मात्र मोजकीच उरली आहेत. पित्याचे गुणगान करताना तिचे ऋण न विसरणे हे आम्ही कर्तव्य मानतो.

१८४९ मध्ये होकुसाईंचे निधन झाले. आणखी काही वर्षे मिळाली असती तर खरा चित्रकार झालो असतो, अशी खंत त्यांनी अखेरीस व्यक्त केली असे सांगतात. पुढे त्यांची चित्रे युरोपात पोहोचली आणि मोने, व्हॅन गॉग यांच्यासारख्या चित्रकारांना त्यांनी नवी दृष्टी दिली.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीजण आज चाळिशी-पन्नाशीत असतील. घरात कुठेतरी ती जुनी रंगपेटी असेल. मुलांना शिकवण्यासाठी ती उघडाच, पण एक कागद स्वतःसाठीही घ्या. पालकांनाही आमची विनंती आहे : दहावीच्या निकालानंतर मुलाच्या हातातील कुंचला काढून घेऊ नका. शिक्षण आणि नोकरी यांच्या शेजारी त्यालाही जागा असू द्या.