फळ्यावरची आकृती

मुलांनो, तुम्ही दूरचित्रवाणी नेहमी पाहता. बटण दाबले की दूरच्या गावाची, दूरच्या देशाची चित्रे समोर दिसू लागतात. अशी चित्रे पाठवण्यासाठी अनेक शास्त्रज्ञांनी मेहनत केली. त्यांतच एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याचे नाव फायलो फार्न्सवर्थ. त्याला एक नवी युक्ती सुचली. पण ती युक्ती आपली आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याला एका बलाढ्य कंपनीशी झगडावे लागले. त्याचीच ही हकीकत आहे.

फायलोचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ रोजी अमेरिकेतील यूटा राज्यात झाला. तो लहान असतानाच त्याचे आईवडील आयडाहो राज्यातील रिग्बी गावाजवळ शेती करण्यासाठी गेले. नव्या घरात वीज होती. माळ्यावर विज्ञानाची जुनी मासिके पडलेली होती. फायलो ती आवडीने वाचू लागला.

त्या काळी चित्रे पाठवण्यासाठी फिरत्या तबकड्या वापरत. त्यांनी चित्र स्पष्ट दिसत नसे. एके दिवशी शेतात काम करताना फायलोचे लक्ष नांगरलेल्या ओळींकडे गेले. शेतकरी एकामागून एक ओळ नांगरतो आणि सारे शेत पूर्ण करतो. चित्राच्याही अशाच ओळी करता येतील का? विजेच्या मदतीने त्या एकामागून एक, फार वेगाने पाठवल्या, तर डोळ्यांना पूर्ण चित्र दिसेल! तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता.

१९२२ साली त्याने ही कल्पना आपले शिक्षक जस्टिन टॉलमन यांना सांगितली. वर्गातील फळ्यावर आकृती काढून त्याने सर्व समजावून दिले. शिक्षकांनी ते लक्ष देऊन ऐकले. ही आकृती पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते.

१९२४ साली फायलोचे वडील वारले. घरची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याचे शिक्षण अपुरे राहिले, पण त्याने आपली कल्पना सोडली नाही. काही लोकांनी त्याला पैशाची मदत केली. सॅन फ्रान्सिस्को शहरात त्याने एक लहानशी प्रयोगशाळा उभारली.

७ जानेवारी १९२७ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट म्हणजे काय, ते समजून घ्या. नवीन शोध लावणाऱ्याला सरकार ठरावीक वर्षांसाठी हक्क देते. त्या काळात त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू कोणालाही बनवता किंवा विकता येत नाही. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला फायलोच्या यंत्राने पहिले चित्र पाठवले. ती फक्त एक सरळ रेघ होती! पण ती दुसऱ्या खोलीतील काचेवर उमटली. १९३० साली त्यांना पेटंट मिळाले.

फार्न्सवर्थ यांची कीर्ती पसरली. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही त्या वेळची फार मोठी कंपनी होती. तिचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ होते. १९३१ साली कंपनीने त्यांचे सारे काम एक लाख डॉलरना मागितले. रक्कम मोठी होती. देशात मंदी होती. तरीही फार्न्सवर्थ यांनी नकार दिला. आपला शोध वापरायचा असेल, तर कंपनीने परवाना घ्यावा आणि मोबदला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

तेव्हा कंपनीने वाद उभा केला. आमचे शास्त्रज्ञ व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी १९२३ सालीच अर्ज केला होता, म्हणून हा शोध आमचा आहे, असा कंपनीचा दावा होता. झ्वोरिकिन हेही थोर शास्त्रज्ञ होते. कंपनीकडे नामांकित वकील होते. वर्षामागून वर्षे गेली. फार्न्सवर्थ यांचा पैसा आणि वेळ या वादात खर्च होऊ लागला.

अशा वेळी शिक्षक टॉलमन मदतीला आले. फळ्यावरची ती आकृती त्यांना आठवत होती. त्यांनी ती समोर ठेवून साक्ष दिली. परंतु पेटंट कार्यालयाने मुख्यतः कागदपत्रे तपासली. झ्वोरिकिन यांच्या जुन्या अर्जातील यंत्र या शोधाप्रमाणे काम करत होते, हे कंपनीला दाखवता आले नाही. फार्न्सवर्थ यांचा १९२७ चा अर्ज मात्र स्पष्ट होता. निकाल त्यांच्या बाजूने लागला. अखेर १९३९ साली कंपनीने दहा लाख डॉलर आणि त्याशिवाय मोबदला देण्याचे मान्य केले. दुसऱ्यांकडून मोबदला घेणाऱ्या कंपनीला आता स्वतः मोबदला द्यावा लागला!

मुलांनो, न्याय मिळाला, पण उशिरा मिळाला. महायुद्धामुळे १९४२ साली अमेरिकेत दूरचित्रवाणी संच तयार करणे बंद झाले. पेटंटची मुदत सतरा वर्षांची होती. ती १९४७ साली संपली. घरोघरी संच येऊ लागले, तेव्हा फार्न्सवर्थ यांचा हक्क उरला नव्हता. ११ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे यूटामधील शाळकरी मुलांनी त्यांच्या स्मारकासाठी खटपट केली. १९९० साली वॉशिंग्टनच्या संसद भवनात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. तीस वर्षांहून अधिक काळ तो तेथे होता.

तुम्हालाही एखादी नवी कल्पना सुचेल. ती केवळ मनात ठेवू नका. वहीत नीट लिहा, आकृती काढा, तारीख घाला आणि आपल्या शिक्षकांना दाखवा. गरिबाजवळ धन नसते, पण वेळेवर लिहिलेला खरा कागद त्याचा मोठा आधार असतो.